आधी तुम्ही खा

शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. घंटा देणं, वर्ग झाडणं आणि नळाखालची मोरी घासणं ही तिची कामं. मोरीवरून तिला पोरांची सगळी खबर लागे. आज थुंकी गुलाबी, उद्या निळी; फाटकासमोरच्या दुकानात गोळ्यांची कुठली नवी बरणी आली, ते पाणी ओतायच्या आधीच कळायचं.

त्या दुकानावरून जाताना ती दातओठ खात जाई. लेकीची दाढ किडली तेव्हा दुकानदारानंच तिला समजावलं होतं, "अहो मावशी, दुधाचे दात ते. पडतील, नवे येतील. उगाच डॉक्टरची भर कशाला करता?" तिला पटलं. पोरगी तर सात वर्षांची. तिच्या तोंडात कायमची दाढ असेल हे कुणाच्या ध्यानात येणार? एकही दात न पाडता ती मागून गुपचूप उगवली होती. उपटावी लागली, तेव्हा गाल सुजून लेकीचा डोळा मिटला होता. त्याच अवस्थेत ती शाळेत आली, तर दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "आला बघा फुगा!" तेव्हापासून पोरंही तेच नाव घेऊ लागली. लेक गालावर हात ठेवून बोलू लागली.

मावशी मोरी घासत राहिली. पण विसरली नाही.

दोन वर्षांनी शाळेत दात तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडे लाल गोळ्या होत्या. चघळल्या की दातांवरची घाण लाल दिसे. गोळ्या वाटायचं काम मावशीकडे आलं. पाहुणा म्हणून हेडसरांनी दुकानदारालाच बोलावलेलं, कारण पाण्याची टाकी त्यानं दिली होती. समोर पोरं, मागे त्यांच्या आया. मावशी थेट त्याच्यापुढे गेली.

"मान पाहुण्यांचा. आधी तुम्ही."

त्यानं गोळी चघळली, चूळ भरली आणि तोंड उघडलं. दात लख्ख पांढरे. लाल ठिपका औषधालाही नाही. मावशीचं तोंड उतरलं. तिला त्याची फजिती बघायची होती, आणि इथे तर टाळ्या पडत होत्या.

टाळ्यांनी दुकानदाराला चेव चढला. "अहो, मी गोडाला शिवतसुद्धा नाही! घरी पोरांनाही ताकीद आहे, बरणीला हात लावाल तर याद राखा."

तो एकटाच हसला. आयांमध्ये कुणीच हसलं नाही. मावशीनं गोळ्यांचा डबा मिटला आणि हळूच म्हणाली, "ऐकलंत ना बायांनो?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्यांतल्या पाच जणींना घेऊन दुकानात गेली.

"चार गोळ्या द्या. त्या चिकट."

त्यानं दिल्या. तिनं एकीचा कागद सोडवून ती त्याच्यापुढे धरली. "आधी तुम्ही खा."

"काय चेष्टा करता मावशी!"

"चेष्टा तुम्ही केलीत, माझ्या सुजलेल्या लेकराची. खा."

पाच जणी उंबऱ्यात उभ्या. गिऱ्हाईक आत येईना, त्याला बाहेर जाता येईना. त्यानं खाल्ली.

"दुसरी."

"अहो, पुरे की."

"माझी लेक रोज चार खायची. तेव्हा नाही म्हणालात पुरे."

तिसरीला त्यानं डोळे मिटले. चौथीनंतर पाण्याचा तांब्या ओढला, तर मावशीनं त्यावर हात ठेवला. "पाणी कशाला? पोरं कुठं पितात? राहू दे चिकटून."

मागून एक जण फिसकन हसली. मावशी हसली नाही. त्याची जीभ दाढांवरून फिरत होती, ओठ आतून हलत होते, आणि ती शांतपणे बघत राहिली. पोट भरलं नव्हतं तिचं.

घरी लेकीनं विचारलं, "रडला का गं तो?"

"नाही."

"मग?"

"उद्या परत जाते."

लेकीनं वही मिटली. "उद्या मी येईन तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "मीच भरवते."