चो साहेबांच्या पितरांचं पान

धोंडीराम गुहागरकडचा. सौदीत, रियाधच्या अल सुलै भागातल्या एका कोरियन कंपनीच्या यार्डात, मेसच्या स्वयंपाकघरात तो अकरा वर्षं भाज्या चिरत होता. मुख्य आचारी कोरियन, हा त्याच्या हाताखाली. दोन हजार तेरा साली निताकतची, म्हणजे परदेशी कामगारांवरच्या नियमांची, तपासणी कडक झाली. इकाम्यावर, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्यावर, धंदा एक आणि काम दुसरं, हे चालेनासं झालं. कोरियन आचाऱ्याच्या इकाम्यावर निघालं 'स्टोअरकीपर'! पंधरा दिवसांत तो मायदेशी गेला आणि साठ माणसांचं जेवण धोंडीरामच्या अंगावर आलं.

सप्टेंबरात मोठे इंजिनियर चो साहेब स्वतः मेसमध्ये आले. साठीचे, मोजकं बोलणारे. मोडक्या हिंदीत म्हणाले, "धोंडी, गुरुवारी आमचा चुसोक. मेलेले आईबाप, आजेपणजे घरी जेवायला येतात. त्यांना हे लागतं. आता करणार कोण?"

मोबाइलवर फोटो होता. तांदळाच्या पिठीचे अर्ध्या चंद्रासारखे वळलेले घास, आत तीळ आणि मध. धोंडीरामचे डोळे लकाकले. ही तर उकड! पिठी गरम पाण्यात मळायची, पारी करायची, सारण भरायचं, वाफवायचं.

"मी करतो साहेब! आमच्याकडे गणपतीला हेच असतं!"

"खाली पाइनची पानं घालतात. इथे कुठली?"

"पानांचं मी बघतो."

यार्डाचा ड्रायव्हर नसरुद्दीन श्रीवर्धनचा. धोंडीराम त्याच्या गाडीत जाऊन बसलाच. "नसरूभाय, बत्ह्याच्या बाजारात चला. हळदीची पानं पाहिजेत, आत्ताच्या आत्ता!"

"अरे, कुणाचं लगीन काढलंस?"

"कोरियाहून पितर येतायत!"

नसरुद्दीन इतका हसला की सिग्नलला मागचे हॉर्न वाजवायला लागले. चार दुकानं पालथी घातल्यावर एका मल्याळी दुकानदाराकडे पानं सापडली. थोडी कोमेजलेली, पण वास तोच.

गुरुवारी दिवस उजाडता उजाडता धोंडीराम ताट घेऊन चो साहेबांच्या केबिनवर गेला. आत सहा कोरियन माणसं, सगळी इस्त्रीच्या सुटात. बुटक्या टेबलावर फळं, मासा, सूप, नव्या तांदळाचा भात. दारूऐवजी तांदळाचं गोड पाणी. मागे पूर्वजांच्या नावांच्या चिठ्ठ्या. ताट ठेवून तो निघाला, तर चो साहेब म्हणाले, "थांब."

सगळ्यांनी जमिनीला कपाळ टेकून दोनदा नमस्कार केला. भातात चमचा उभा रोवला. मग सगळे बाहेर आले. दार मात्र जरासं उघडं ठेवलं.

"आता काय?" धोंडीराम कुजबुजला.

"ते जेवतायत. आपण बघत राहिलो तर संकोचतील."

"आमच्यात कावळा शिवला की कळतं. तुम्हाला कसं कळतं?"

"नाही कळत." चो साहेब दाराकडे बघत म्हणाले. "आई गेली तेव्हा मी याच देशात होतो. पोचलो नाही. आता वर्षातून एकदा तिला वाढतो आणि दाराबाहेर उभा राहतो. एवढंच हातात आहे."

तीन वर्षांपूर्वी वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा धोंडीरामलाही देशाबाहेर पडायचा व्हिसा वेळेवर मिळाला नव्हता. गावी भाऊ पान वाढायचा. यानं आजवर काहीच केलं नव्हतं.

"साहेब... माझ्या आबांसाठी एक वाटी ठेवू?"

चो साहेबांनी खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. "नाव लिही."

सोनू लखू. त्यानं देवनागरीत ठळक लिहिलं. मेसमध्ये धावत जाऊन आबांचा आवडता कोरा चहा आणला. मग सगळे परत आत गेले. चिठ्ठी त्या अनोळखी अक्षरांच्या शेजारी लागली, आणि धोंडीरामनं इतक्या घाईनं नमस्कार घातला की कपाळ टेबलावर आपटलं. सहाही माणसं हसली. तोही हसला, नाक ओढत.

नंतर सगळे एकत्र जेवले. "हे अर्ध्या चंद्रासारखेच का करतात?" त्यानं विचारलं.

"पूर्ण चंद्र आता घटणार," चो साहेब म्हणाले. "अर्ध्याला अजून वाढायचं असतं." आणि त्यांनी चौथा घास उचलला.

दुपारी त्यानं गावी फोन लावला. बायको बायजाबाईला श्वासही न घेता सगळं सांगितलं.

"अहो, पण मामंजींना त्या लोकांची भाषा कशी कळायची?"

"आबा जेवताना बोलायचे कधी!" धोंडीराम ओरडला. पलीकडून हसू फुटलं.