इंग्रजी कवितेचा मराठी अर्थ

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर आमच्या औरंगाबादच्या शाळेत हुकूम आला, की इंग्रजी कवितेचा अर्थ यापुढं उर्दूत सांगायचा नाही, मराठीत सांगायचा. हुकूम काढणाऱ्याचं काय जातं? आमचे इंग्रजीचे सर जन्मभर उर्दूतून शिकवत आलेले. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येतील, मराठी जमलं नाही तर नोकरी जाईल, असं पन्नाशीच्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं.

सर आम्हा मॅट्रिकच्या पोरांकडूनच मराठी शिकू लागले. मी फुलंब्रीचा, खेड्यातला, त्यामुळं त्यांनी उचललेली मराठी सगळी शेताबांधावरची. कविता अशी होती: लहान मूल एकटंच डोंगरात जातं, वारा सुटतो, ते खडकाआड लपून बसतं, आणि म्हातारपणी कवी म्हणतो, मला त्या वाऱ्यानंच वाढवलं. घाबरवणारा निसर्ग मुलाला वाढवतो कसा, एवढं मराठीत सांगता यावं म्हणून सर मधल्या सुट्टीत माझ्यापुढं घोकत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

आमच्या वर्गाची एक रीत होती. सरांनी चांगली ओळ वाचली की पोरं मुशायऱ्यातल्यासारखी 'मुकर्रर' म्हणायची, म्हणजे पुन्हा वाचा. सर पुन्हा वाचायचे आणि मग उर्दूत अशी रंगत आणायचे की घंटा ऐकू यायची नाही. तपासणीच्या दिवशी तो शब्द काढू नका, असं त्यांनी अगदी काकुळतीनं सांगितलं होतं.

साहेब मागच्या बाकावर बसले. सरांनी कविता वाचली, मराठीत अर्थ सुरू केला. बरं चाललं होतं. वाऱ्यापाशी आले आणि अडकले. ओठ हलत होते, शब्द येईना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. साहेबांच्या देखत मी काय पुरवणार? माझ्या शेजारच्या गंगापूरच्या पोराला ते बघवेना. सरांना जरा वेळ मिळावा म्हणून तो सवयीनं बोलून गेला, "मुकर्रर, सर." पाठोपाठ सगळा वर्ग बोलला.

सरांचा हात आदाबासाठी कपाळाशी गेला. त्यांनी ओळ पुन्हा वाचली आणि उर्दूत सुटले. भीतीनं मूल लहान होत नाही, त्याचं जग मोठं होतं, असं काहीसं ते सांगत होते. इतकं सुंदर ते कधीच बोलले नव्हते. काय होतंय ते मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. साहेब शेवटपर्यंत मान डोलावत ऐकत राहिले, आणि जाताना विरुद्ध शेरा मारून गेले. त्या रसिकतेचा मला अजून संताप येतो.

थोड्याच दिवसांत सरांना नोकरीवरून कमी केलं. फाटकापाशी मला म्हणाले, "त्या पोराला कुणी बोलू नका." मग म्हणाले, "मला थोडा वेळ दिला असता, तर मी शिकलो असतो."

हे ते मराठीत बोलले, कुठंही न अडखळता. मला काहीच करता येत नव्हतं. त्यांची पिशवी टांग्यात ठेवली, तेवढंच.