जॉबरशी हरण्याचा सराव

आधी मिलमधली पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचे हे सोलापुरातल्या एका मिलमध्ये बदली कामगार होते. पहाटे फाटकाशी उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या मागावर काम मिळायचं. कुणाला घ्यायचं ते खात्याचा जॉबर ठरवी. कायम करायची नावंही तोच सुचवी. तो कुणाकडून हातात पैसे घेत नसे. संध्याकाळी मिलसमोरच्या हॉटेलात तो पैसे लावून कॅरम खेळे आणि बदलीवाले त्याच्याशी हरत.

अडचण अशी, की त्या हॉटेलात ह्यांच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. आणि मुद्दाम हरलेलं कळलं असतं तर जॉबरनं ते खपवून घेतलं नसतं. म्हणून घरच्या बोर्डावर आम्ही हरायचा सराव करायचो. स्वयंपाक आवरून मी समोर बसायची.

"लई लांबून चुकलात की! असं कोण चुकतं व्हय?"

"मग कसं चुकू? तूच सांग."

"सोंगटी भोकाच्या काठावर थांबली पाहिजे. आणि मग आपल्याच बोटाकडं रागानं बघायचं."

ते शिकले. दुष्काळानंतरचे दिवस होते, खेड्यांतून आलेल्या माणसांनी फाटक भरलेलं असे, तरी ह्यांना बहुतेक रोज काम मिळे. दिवाळीनंतर दोघे कायम होणार होते. त्यातले एक हे, असं जॉबर स्वतः म्हणाला होता.

पण सारखं जिंकून जॉबरला आपला हात खरंच मोठा वाटायला लागला. एकदा अक्कलकोटचा एक कापड व्यापारी हॉटेलात आला. जॉबरनं त्याच्याशी डाव मांडला, हरला, पुन्हा मांडला. शेवटी बोटातली अंगठी लावली. तीही गेली.

"जॉबरसाहेब, बोट हलकं झालं. आता नेम बरा लागंल बघा," व्यापारी म्हणाला. सगळं हॉटेल हसलं.

जॉबरनं ह्यांना पुढं ढकललं. "तू बस. अंगठी सोडव माझी."

ह्यांनी खिशातला पगार लावला. राणी घेतली, तिच्या पाठोपाठ सोंगटी घेतली, आणि एकदा हात सुरू झाल्यावर व्यापाऱ्याला पुन्हा स्ट्रायकर मिळालाच नाही. अंगठी त्यांनी जॉबरच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती बोटात घातली नाही.

"माझ्यासमोर तुझा हात असा कधी चालला न्हाई."

"मालक, आज नशीब होतं."

"व्हय?" एवढंच म्हणून तो उठून गेला.

घरी येऊन ह्यांनी हे सगळं हौसेनं सांगितलं. शेवटच्या "व्हय?"पाशी मात्र हे माझ्याकडं बघू लागले.

"एखादी तरी सोंगटी सोडायची," मी म्हटलं.

"अंगठी त्याची होती की गं."

दुसऱ्या दिवशी काम मिळालं नाही. त्यानंतरही नाही. हे पुन्हा हरायला म्हणून हॉटेलात जाऊन बसले, तर जॉबर त्यांच्यासमोर बसेना. दिवाळीनंतर दोन नावं लागली, दोन्ही दुसऱ्यांची. त्यातल्या एकाला स्ट्रायकर धड धरता येत नव्हता.

तरी वर्षभर हे रोज पहाटे फाटकाशी जात राहिले. मी डबा भरून देई. थोड्या वेळानं तो तसाच परत येई, आणि ते माझ्यासमोर बसून तो उघडत. ताट घ्या म्हटलं, तर नको म्हणत.