गयाबाईची कंबर

“ओढा सिस्टर, अजून ओढा! बाळाचं लंगोट बांधायलाव का?”

ड्यूटी सुरू व्हायच्या आधी गयाबाई माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, आणि जुन्या लुगड्याची पट्टी मी तिच्या कमरेला आवळून बांधायची. मलकपेठेतल्या खासगी दवाखान्यात मी नर्स, ती सफाईवाली. नांदेडकडची. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी कॉलेजात. ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला की ही ओरडायची, “सायेब, उडत जावा!” आणि मोठ्या डॉक्टरांनाही वळसा घालून जावं लागे. मी चिडवलं तर म्हणायची, “गया दोनच ठिकाणी वाकती. फरशीपुढं अन् बुद्धापुढं.”

नव्वदनंतर शहरात पैसा खुळखुळायला लागला आणि आमच्या दवाखान्याला हॉटेलसारखं दिसायची हौस आली. संगमरवर आला. सफाई ठेकेदाराकडे गेली. चाकांच्या भल्यामोठ्या बादल्या आल्या, तेव्हा गयाबाई पोरीसारखी हसली होती. पण त्या चाकांचे काळे ओरखडे संगमरवरावर उमटू लागले. सुपरवायझर आपल्या दखनी हिंदीत म्हणाला, “चाकाँ नक्को अम्मा, लाइनाँ पडरे. उठाके चलो.”

भरलेली बादली, चाकांसकट, उचलून न्यायची! मी तोंडाची फटकळ, म्हटलं, “मग चाकं काय शोभेला दिलीत?” तो शांतपणे म्हणाला, “जिसकी कमर दुखती, उसकू घर भेजो बोले ठेकेदार.”

गयाबाईनं मला बाजूला ओढलं. “तुमी नका बोलू. पोरीचं एवढं वरीस निघू द्या.” त्यानंतर गाठ आणखी घट्ट हवी असायची. दुखतं का विचारलं की म्हणायची, “हौ, पन बोलायचं न्हाई.”

शेवटी एकदा बादली उचलता उचलता ती खालीच बसली. उठता येईना, आणि बसल्या बसल्या सांडलेलं पाणी पुसत होती वेडी! आमच्याकडे हाडांचा नामांकित डॉक्टर होता, पण ठेक्यावरच्या बाईसाठी नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई आली. मला अजून त्या संगमरवराचा राग येतो.

मुलगी शिकली, नोकरीला लागली. त्या बुद्धपौर्णिमेला गयाबाईनं मला विहारात बोलावलं. वंदनेला सगळे गुडघे टेकून वाकले. गयाबाई भिंत धरून ताठ उभी होती. मी वळून पाहिलं, तशी हळूच म्हणाली, “समदं फरशीनंच घेतलं, सिस्टर. बुद्धासाठी थोडं ठिवायचं ऱ्हाऊन गेलं.”