दोन टेबलांमधली मेल

“कॉम्प्युटरपेक्षा ही बरी. निदान घरघर तरी करत नाही,” मॅनेजर फोनवर कुणाला तरी म्हणाले आणि स्वतःच हसले.

ही म्हणजे मी. त्यांच्या टेबलापासून चार हातांवर बसून टाइप करत होते. ते मराठीत बोलत होते, कारण या ऑफिसात मराठी कळणारं कुणी नाही अशी त्यांची खात्री होती. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून ते नुकतेच बदलून आले होते. आम्ही पिढ्यानपिढ्यांचे इथले, कानडी मुलखातल्या चामराजपेटेतले. आडनाव लावायची सवय घरातून कधीच गेलेली, इकडच्या लोकांसारखी नावाआधी आद्याक्षरं लावतो, तेव्हा त्यांनी मला कानडी ठरवून टाकलं. मी खुलासा केला नाही. त्यांची मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी होती आणि आमच्या घरात जेवताना “स्वल्प भात वाढ” म्हणतात, स्वल्प म्हणजे कानडीतलं ‘थोडं’.

खरं तर मी कुठल्याच भाषेत बोलत नव्हते. शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सची. तिथे पत्रलेखनाची सगळी बक्षिसं मला मिळाली, कारण पत्र लिहिताना समोर कुणी नसतं. वक्तृत्वाच्या दिवशी मात्र मला दरवर्षी ताप यायचा.

ऑफिस इंदिरानगरात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. लाकडी खेळणी परदेशी पाठवायचा धंदा. मी टायपिस्ट. घरी वडिलांनी, अप्पांनी, सांगून ठेवलं होतं, “नोकरी आहे तोवर स्थळांचा विषय काढणार नाही.” त्यामुळे ती नोकरी मी जिवापाड सांभाळत होते.

मॅनेजरांनी आल्या आल्या ई-मेल सुरू केली. पहिल्याच बैठकीत त्यांनी इंग्रजीत जाहीर केलं की यापुढे ऑफिसात कुणी कुणाला तोंडी किंवा चिठ्ठीने काही सांगायचं नाही, सगळं मेलवर. तीन कॉम्प्युटर आले. खरेदी बघणाऱ्या अण्णांनी आपल्या कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं आवरण काढूच दिलं नाही, धूळ बसेल म्हणून. माल रवाना करणाऱ्या अक्कांनी आपल्या कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि त्यानंतर त्याला हात लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. राहिला माझा. सगळ्यांच्या नावाच्या मेलच्या पेट्या त्यातच उघडल्या गेल्या.

मग पद्धत अशी पडली. अण्णा कागदावर मजकूर लिहून मला देत. मी तो टाइप करून अण्णांच्या नावाने अक्कांना पाठवी. मोडेम किंचाळे, मेल टेलिफोनच्या तारेवरून कुठे कुठे फिरून माझ्याच कॉम्प्युटरमध्ये परत येई. मी ती छापून अक्कांना नेऊन देई. अक्का कागदाच्या पाठीवर उत्तर लिहीत. ते मी अक्कांच्या नावाने अण्णांना पाठवी, छापी, नेऊन देई. अण्णा आणि अक्का यांची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती. अक्कांना शिंक आली तर अण्णांचे कागद उडत.

त्या दोघांचं बोलणं मी यायच्या आधीपासूनच बंद होतं. कारण खिडकी. ती अक्कांच्या बाजूला होती आणि वारा अण्णांच्या मानेवर येई. अण्णांची पहिलीच मेल याबद्दल होती. कागदावर त्यांनी लिहिलं होतं, ‘खिडकी लावा. मान धरली आहे. मी मेलो तर जबाबदार कोण?’ असं पाठवायचं कसं? शाळेतल्या सवयीने मी इंग्रजीत लिहिलं, ‘आदरणीय बाईसाहेब, आपल्या सोयीला बाध येत नसल्यास खिडकी थोडी ओढून घ्यावी ही विनंती. माझ्या मानेला वारा सोसत नाही.’

अक्कांनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला. मग पाठीवर लिहिलं, ‘मान धरते तर तोंड फिरवून बसा.’ मी ते असं पाठवलं: ‘आपल्या मानेबद्दल वाचून वाईट वाटलं. खुर्ची जराशी वळवून घेतल्यास आराम पडेल असं वाटतं.’

अण्णांनी खुर्ची वळवली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी घरून कोडबळे, म्हणजे इकडची कडबोळी, आणली आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला. “त्यांना दे. आणि मेल कर, डबा पाठवला म्हणून.”

मी मेल केली. दोन हातांवरून अण्णा बघत होते, तरी छापील कागद हातात पडेपर्यंत त्यांनी डबा उघडला नाही.

असे महिने गेले. मी दोघांच्या वतीने एकमेकांची चौकशी करत होते, रागावत होते, माफी मागत होते. एकदा अण्णांनी लिहिलेलं ‘बरं’ एवढंच होतं, त्याचे मी सहा ओळींचे आभार केले. मॅनेजर हे सगळे कागद फाइलला लावत आणि फोनवर पुण्याला सांगत, “अहो, दोन डिपार्टमेंट्समध्ये काय सौहार्द! सगळी टेक्नॉलॉजीची कमाल.” मी मान खाली घालून टाइप करत राही.

मग एका सकाळी मॅनेजरांनी आपला कागद माझ्यापुढे ठेवला. मुख्य ऑफिसला जायची मेल. अक्षर नेहमीसारखं तिरकं. त्यात लिहिलं होतं की ई-मेलमुळे इथला पत्रव्यवहार आता आपोआप चालतो, तरी टायपिस्टची जागा पुढच्या महिन्यापासून काढून टाकावी.

कागद माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा अगदी निर्मळ होता. नळ उघडताना माणूस नळाकडे बघत नाही, तसा.

ते लगेच फोनवर पुण्याशी बोलायला लागले. “हो हो, पाच मिनिटांत मेल येतेच. नाही, ती काही बोलणार नाही. ती बोलतच नाही.”

आणि मी टाइप करत होते. हातांना सवय होती. ‘काढून टाकावी’च्या जागी मी ‘कृतज्ञतापूर्वक मोकळी करण्यात यावी’ लिहिलं. ते वाचून मला एक क्षण बरंदेखील वाटलं, वाक्य छान झालं होतं. मग अप्पा डोळ्यांसमोर आले, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत पोहे खात बसलेली पाहुणेमंडळी.

लाइन एकच होती. फोन ठेवल्याशिवाय मेल जात नसे. त्यांनी फोन ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, “गेली?”

मी उठून उभी राहिले. अण्णा आणि अक्का, दोघांनीही एकदम मान वर केली. माझे कान तापले होते, वक्तृत्वाच्या दिवशी तापायचे तसेच. पण खुर्ची मी मागे सरकवलेली होती, आता परत बसणं आणखी विचित्र दिसलं असतं. मी ती खुर्ची मॅनेजरांकडे वळवली आणि आमच्या घरच्या मराठीत म्हणाले,

“नाही सर, स्वल्प इकडे या. ही मेल तुम्हीच पाठवा. कुठलं बटण दाबायचं ते मी सांगते.”