डाव्या हाताची जागा

जंगल म्हटलं की आमच्या आईला अजून वाघच आठवतो. मी सांगून थकले की बाई, ही लंडनच्या पोरांनी काढलेली नाचायची गाणी आहेत. जुन्या रेकॉर्डमधला ड्रमचा तुकडा घ्यायचा, बारीक चिरायचा, भरधाव पळवायचा आणि खाली संथ, जाडजूड, खर्जात घुमणारा बास सोडायचा. हल्ली त्या जुन्या आवाजाचं खूळ परत आलंय. मीही गुडगावच्या ऑफिसातून सुटले की दिल्लीत मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर हाच उद्योग करते. सगळे तेच ते अमेरिकन ड्रम चिरतात. म्हटलं, यार, घरची ढोलकी असताना उसनवारी कशाला?

ढोलकी बाबांची. केंद्र सरकारात नोकरी आणि संध्याकाळी करोल बागेतलं मराठी भजनी मंडळ, हे त्यांचं आयुष्य. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. डावा शाबूत आहे, पण ढोलकी पलंगाखाली गेली ती गेलीच. कोणी तिचा विषयही काढायचा नाही. पूर्वी ते भांडायचे तरी, आता नुसते गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.

त्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं. ते चिरून, पळवून मी गाणं केलं आणि रविवारी घरी जाऊन त्यांच्या कानांना हेडफोन लावले. त्यांनी काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "हात माझाच आहे. पण अर्धाच. डावा कुठाय?"

मी गारच पडले. बासला जागा हवी म्हणून ड्रमचा खालचा आवाज कापून टाकायची या संगीतात पद्धतच आहे. सवयीनं मीही कापला होता. आणि ढोलकीत तो खालचा घुमारा डाव्या हाताचा. म्हणजे बाबांचा उरलेला हात मी पुसून टाकला आणि गेलेला तेवढा ठेवला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"सॉरी बाबा, आत्ता परत घालते." मी लॅपटॉप ओढला.

"थांब गं. हे खाली घूं घूं कोण करतंय?"

"तो बास. कॉम्प्युटरचा आहे."

"फार हळू चाललाय."

"तो तसाच असतो. वरचं पळतं, खालचं निम्म्या चालीनं जातं."

"अच्छा." त्यांनी डाव्या हाताची बोटं त्या निम्म्या चालीनं मांडीवर आपटून पाहिली. मग आईला म्हणाले, "अगं, ढोलकी काढ जरा."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती पलंगाखाली वाकली.

"आणि तू तो बास बंद कर," बाबा मला म्हणाले. "डावा परत घालू नकोस. तिथं मी वाजवतो."

मला रडू येत होतं. बास बंद केला, त्यांचे हेडफोन काढले आणि स्पीकरवर गाणं पहिल्यापासून लावलं.