एक कमी, म्हणजे बरोबर

पदनाम: समन्वयक, आपत्ती पूर्वतयारी (आदिवासी व दुर्गम वस्त्या). स्वरूप: कंत्राटी. कर्तव्ये: हवामानजन्य धोक्यांबाबत जनजागृती करणे, सराव घेणे, सर्व लाभार्थींचे सुरक्षित स्थळी स्थलांतर सुनिश्चित करणे, तसेच वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती इतर कामे. इतर कामांत जनरेटरला डिझेल आणणं आणि साहेबांच्या सभेत मागच्या रिकाम्या खुर्च्या भरणं, ही मुख्य होती.

वरच्या वस्तीत या समन्वयक पोरीला भोंगेवाली म्हणत. वस्ती तिचीच. आईबाप गेल्यावर आत्यानं तिला वाढवलं, शिकायला खाली शहरात पाठवलं. "लोकांच्या पोरी शिकून पगार घेऊन येतात," आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमची भोंगा घेऊन आली."

पूर्वी महिनोन्महिने रेंगाळणारा पाऊस अलीकडे चार दिवसांत सगळं उरकून मोकळा व्हायला लागला होता. वस्तीच्या डोक्यावरच्या उतारात भेग पडली होती. ती दरवर्षी रुंदावत होती आणि कार्यालय दरवर्षी तिचा फोटो काढत होतं. बाकी उपाय म्हणजे सराव. भोंगा वाजला की सगळ्यांनी पायवाटेनं खालच्या शाळेत जायचं, तिथं शिरगणती व्हायची. नियमाप्रमाणे एकानं हरवलेली व्यक्ती व्हायचं, आणि मग शिट्टी झाली की वस्तीतल्या गवंड्याच्या पथकानं वर जाऊन तिला शोधून आणायचं.

हरवायला कोणी तयार होईना. ज्याला त्याला कामं होती. तेव्हा भोंगेवालीनं तोड काढली. आत्याच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, उतार तिला जमायचा नाही. तिनं घरामागच्या गोठ्यात शेळ्यांपाशी बसून राहावं, गवंड्यानं पाठीवर घेऊन यावं. नियमही पाळला गेला, म्हातारीही खाली आली. साहेबांनी या कल्पनेचं कौतुक केलं आणि वरच्या साहेबांना ती स्वतःची म्हणून सांगितली.

आत्यानं काम मनावर घेतलं. हरवलेला माणूस बेशुद्ध असू शकतो, त्यानं हाकेला ओ द्यायची नाही, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मागच्या सरावात गवंड्यानं कंटाळून "सराव संपला, आत्या, बाहेर ये!" अशी खोटीच हाक मारली होती, शप्पथही घातली होती. आत्या हलली नव्हती. शाळेत पोचल्यावर गवंडी तिला म्हणाला होता, "गोठ्यात काय, आंधळाही शोधेल. जरा अवघड जागी बसत जा की!"

त्या वर्षी पाऊस आला तो कोसळतच. सकाळी भेगेतून चिखलाचं पाणी यायला लागलं. भोंगेवाली आदल्या दिवसापासून शाळेतच होती. तिनं कार्यालयाला फोन लावला. साहेब म्हणाले, "तुमच्या पातळीवर निर्णय घ्या." तिनं भोंगा वाजवला.

आणि काय सांगावं, वस्ती अशी उतरली की बघत राहावं. ढकलाढकली नाही, रडारड नाही. एरवी ज्याला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत तो आळशीही पोरांना खांद्यावर घेऊन आला. गवंड्यानं दारात उभं राहून डोकी मोजली.

"एक कमी," तो म्हणाला. "म्हणजे बरोबर."

"बरोबर," भोंगेवाली म्हणाली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिनं ओला रेनकोट काढला, कोणीतरी हातात दिलेला चहा घेतला आणि बाकावर बसली. पथक शिट्टीची वाट बघत बिड्या ओढत होतं. बरं वाटलं तिला. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

गवंड्याची बायको म्हणाली, "आज आत्याला जरा लवकर आणा हो. म्हातारी भिजेल."

भोंगेवालीनं चहा खाली ठेवला. आज सराव नव्हता. शिट्टी वाजवायचं तिला सुचलंच नाही. ती धावत सुटली, मागून गवंडी.

गोठ्यात शेळ्या होत्या, आत्या नव्हती. घरात नव्हती. वर उतार कण्हल्यासारखा आवाज करत होता, वाटेवर गोटे घरंगळत होते.

"आत्या! सराव नाही हा! खरंच डोंगर येतोय!"

तिनं घराला वळसा घातला.

"आत्या, तुला माझी शप्पथ!"

"शप्पथ कसली घालतेस," गवंडी धापा टाकत म्हणाला. "मीही घातली होती मागच्या वेळी."

भोंगेवालीनं पुन्हा गोठ्यात डोकावून पाहिलं. प्रशिक्षणात सगळं शिकवलं होतं, फक्त उत्तम शिकलेल्या माणसाचं काय करायचं ते नव्हतं. गवंड्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, "जाऊ दे, म्हातारी नाहीच इथं. शेळ्या तेवढ्या घेऊन जाऊ. त्या काळीचं मटण बरं होईल."

"हात तर लावून बघ, मेल्या!" सरपणाच्या ढिगामागून आवाज आला.

गवंड्यानं तिला पाठीवर घेतलं. भोंगेवालीनं शेळ्यांचं दावं सोडलं. आत्या वाटभर कुरकुरत होती. एक, शोधायला फार उशीर केला. दोन, हे शोधणं नव्हे, ही फसवणूक. अर्ध्या वाटेवर मागं धडधडलं. वळून बघितलं तेव्हा गोठा नव्हता, घर नव्हतं, सरपणही नव्हतं. शाळेपर्यंत आत्यानं तिसरी तक्रार काढली नाही, आणि भोंगेवालीला तेच जास्त जड गेलं.

कार्यालयानं नंतर छोटासा समारंभ केला. साहेब म्हणाले की नियमित सरावामुळे सर्व लाभार्थींचे सुरक्षित स्थळी यशस्वी स्थलांतर झाले आहे. ज्यांची घरं उरली होती ते पंधरवड्यात वर परत गेले. भोंगेवालीनं मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या.

आत्याच्या बाबतीत सुरक्षित स्थळ म्हणजे भोंगेवालीची शहरातली भाड्याची खोली. ती तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. आत्याला चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं, त्याला वर्ष होत आलं. ती अजून खाली उतरलेली नाही.